सगळ्यांचा श्वास वीसच कसा?

वॉर्डातले टीपीआर चार्ट एकाशेजारी एक मांडले की बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखीच दिसते. तापाचा आकडा पेशंटगणिक वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळा. श्वासाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २०, २०, २०, मध्येच कुठे १८. न्यूमोनिया झालेले आजोबा, काल सिझर झालेली बाळंतीण, फवारणीच्या औषधाची बाधा झालेला शेतकरी, सगळेच मिनिटाला वीस श्वास घेतात असं तो कागद सांगतो. असं होत नसतं, हे आकडा भरणाऱ्या सिस्टरलाही ठाऊक असतं. ही सवय एकट्या आपल्याकडची नाही. देशोदेशीच्या रुग्णालयांत श्वासगती हीच सर्वांत दुर्लक्षित आणि अंदाजाने भरली जाणारी नोंद आहे. धर्माबाद, बिलोली, उमरी, नायगाव या पट्ट्यात जीएनएम किंवा एएनएम करून नुकत्याच ड्युटीला लागलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. क्लिनिकल जजमेंट म्हणून जे पुस्तकात मोठ्या शब्दांत शिकवलं जातं, त्याची सुरुवात या रकान्यातून होते. खरा मोजलेला आकडा, त्याचा लावलेला अर्थ आणि तो वेळेत कुणाला तरी सांगणं, या तीन गोष्टींवर नर्सचा निर्णय उभा असतो. पहिलीच गोष्ट खोटी असेल तर उरलेलं सगळं शिक्षण तिथे कामाला येत नाही.

धर्माबादसारख्या गावात या कौशल्याची गरज मोठ्या शहरापेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे. नांदेड इथून सत्तरएक किलोमीटरवर. निजामाबाद त्याहून जवळ, पण राज्याची हद्द ओलांडून. १०८ ला फोन लावायचा, गाडी येईपर्यंत थांबायचं, पेशंट स्ट्रेचरवर घ्यायचा, मग रस्ता, मग नांदेडच्या शासकीय रुग्णालयात, विष्णुपुरीला, कॅज्युअल्टीत पुन्हा तपासणी. सगळं सुरळीत झालं तरी दोन तास सहज जातात. म्हणजे इथे रात्री दोन वाजता घेतलेला निर्णय पेशंटच्या अंगी लागतो तो पहाटे चारला. मोठ्या रुग्णालयातल्या नर्सला पेशंट आत्ता कसा आहे हे कळलं तरी पुष्कळदा भागतं, कारण आयसीयू वरच्या मजल्यावर असतो. इथल्या नर्सला मात्र हाच पेशंट दोन तासांनी कसा असेल, हे आत्ताच ताडावं लागतं. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली १२ नवजात बालकं होती. सारा महाराष्ट्र हादरला. औषधं आणि मनुष्यबळाच्या तुटवड्यावर तेव्हा बरंच बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. रुग्णालयाकडून असंही सांगितलं गेलं की अनेक पेशंट बाहेरून अत्यवस्थ अवस्थेत आले होते. या खुलाशाने जबाबदारी संपते असं मला वाटत नाही. पण त्यातून एक प्रश्न उरतोच, की नांदेडला पोचण्याआधीचे तास कुणाच्या नजरेखाली होते. ते तास तालुक्याच्या आणि गावच्या दवाखान्यांचे असतात, आणि तिथे रात्रभर पेशंटजवळ असते ती नर्स.

श्वासालाच एवढं महत्त्व का, याचं कारण शरीराच्या कामकाजात आहे. रक्त कमी पडलं, जंतुसंसर्ग रक्तात उतरला, फुप्फुसात पाणी भरलं किंवा डायबेटिसच्या पेशंटच्या रक्तात आम्ल वाढलं, कारण काहीही असो, पेशींना ऑक्सिजन कमी पडू लागला किंवा आम्ल साचू लागलं की शरीर आधी श्वास वाढवतं. त्याच्याच आगेमागे नाडी वाढते. बीपी मात्र शरीर शेवटपर्यंत सांभाळून धरतं. धडधाकट तरुण माणसाच्या शरीरातलं जवळजवळ तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा बीपी बऱ्यापैकी टिकतो आणि मग धाडकन कोसळतो. ‘बीपी नॉर्मल आहे’ हे वाक्य म्हणूनच धीर देतं तितकं खरं नसतं. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटचे कागद मागे जाऊन तपासले. त्यांतल्या ८४ टक्के पेशंटमध्ये त्याआधीच्या आठ तासांत प्रकृती ढासळत असल्याच्या खुणा कागदावर नोंदलेल्या सापडल्या. म्हणजे मृत्यू अचानक आलेला नव्हता. पुढे १९९३ मध्ये फीझेलमन यांच्या अभ्यासात दिसलं की मिनिटाला २७ पेक्षा जास्त श्वास ही पुढच्या तीन दिवसांतल्या हृदयबंदीची सर्वांत ठळक पूर्वसूचना होती. नाडी आणि बीपी तेवढे उपयोगी ठरले नाहीत.

परदेशातले आकडे आपल्याला का लावायचे, असं कुणी म्हणेल, तर आपल्या महाराष्ट्रातच याचा भक्कम पुरावा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुईणींना बाळाचा श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकते मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या सुमारे निम्म्यावर होते. दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्यातून निघून कोकणात गेलेल्या माणसाचं. जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. लाल विंचू चावलेली माणसं तिथे मरत. ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले आणि काय आधी होतं, काय नंतर, हे टिपत गेले: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आणि त्यानंतर हृदयावर येणारा ताण. १९८२ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते या पूर्वलक्षणांवरच. प्राझोसिनचा उपचार पुढे आला. त्याआधी, कुठल्या पेशंटला धोका आहे हे केवळ बघून ओळखता येतं, हे सिद्ध झालं होतं. सुईणीने जे मण्यांनी केलं आणि एका मेडिकल ऑफिसरने जे वही-पेनने केलं, ते नर्सच्या आवाक्यात नाही असं कोण म्हणेल?

आता प्रत्यक्ष मोजायचं कसं. नाडीवर बोटं ठेवा, नाडी मोजून झाली तरी बोटं काढू नका, आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ‘श्वास मोजते हं’ असं पेशंटला सांगितलं की तो सावध होतो आणि श्वास बदलतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, म्हणून मिनिट पूर्ण हवं. त्या एका मिनिटात डोळ्यांना बाकीचंही दिसतं: पेशंट पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांनी थांबतो, गळ्याचे स्नायू ओढले जातात का, ओठांचा रंग, कपाळावरचा घाम, उशीला टेकून बसायचा हट्ट. मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास ठीक. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या गुणांकन पद्धतीत २१ ते २४ श्वासांना दोन गुण आणि २५ किंवा त्याहून जास्त श्वासांना एकदम तीन गुण आहेत, आणि कोणत्याही एकाच मोजमापाला तीन गुण मिळाले तर पेशंट तातडीने तपासायचा असा नियम आहे. सहा मोजमापं आणि ऑक्सिजन लावलाय का, यांची बेरीज पाचवर गेली तर तातडी, सातवर गेली तर आणीबाणी. ही पद्धत गरोदर बाई आणि सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे विसरू नका. मुलांचा श्वास जलद धरायचे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे वेगळे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षं ४०.

आकडा मोजला, की त्याला कालच्या आणि दोन तासांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवायचं. जजमेंट इथे सुरू होतं. समजा एका बाळंतिणीची नाडी दुपारी चारला ८८ आणि बीपी ११६/७४. पाचला १०४ आणि ११२/८०. सहाला ११८ आणि १०८/८६. यांतला प्रत्येक बीपी एकेकटा बघितला तर कुणी दचकणार नाही. पण नाडी चढते आहे, वरचा बीपी हळूहळू उतरतो आहे, खालचा चढतो आहे. दोघांमधलं अंतर ४२ वरून २२ वर आलं. रक्तवाहिन्या आवळून शरीर बीपी धरून ठेवतं आहे. नाडीला वरच्या बीपीने भागलं तर चारला ०.७६ येतं, सहाला १.०९, बाळंतिणीत हा भागाकार ०.९ च्या वर गेला की रक्तस्रावाची शंका घ्यायची. रक्त किती गेलं याचा डोळ्यांनी केलेला अंदाज फार कमी पडतो. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत जिथे रक्त मापाच्या पिशवीत गोळा केलं तिथे ९३ टक्के रक्तस्राव ओळखला गेला, जिथे नेहमीसारखा अंदाज केला तिथे जेमतेम ५१ टक्के. मोजून ओळखायचं आणि ओळखताच सगळे उपचार एकत्र सुरू करायचे, एवढ्यावर गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. तुमच्याकडे तशी पिशवी नसेल तर भिजलेलं पॅड वजनकाट्यावर ठेवा आणि कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली रक्त.

आपल्या भागाचा विचार करताना कापूस-सोयाबीनवरच्या फवारणीची विषबाधा सोडून चालत नाही. ऑरगॅनोफॉस्फेटचा पेशंट आला की पहिल्या रात्री सगळे सावध असतात. ॲट्रोपिन चालू असतं, नर्स दर थोड्या वेळाने छातीतली घरघर ऐकते, नाडी बघते, काखेत हात घालून घाम थांबला का ते पाहते. काख कोरडी झाली, छाती मोकळी झाली, पेशंट शुद्धीवर येऊन चहा मागू लागला की नातेवाईक डिस्चार्जचं बोलायला लागतात. आणि नेमक्या त्याच वेळेत, विष गेल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, काही पेशंटचे श्वासाचे स्नायू अशक्त होऊ लागतात. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि कराल्लिएद्दे यांनी १९८७ मध्ये दहा पेशंटवरून हे मांडलं. याची सुरुवात ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही. प्रत्येक राउंडला पेशंटला उताणं निजवून म्हणायचं, ‘दादा, उशीवरून मान उचलून दाखवा बरं.’ सकाळी मान उचलणारा माणूस संध्याकाळी उचलू शकला नाही, किंवा उचलून धरू शकला नाही, तर त्याला व्हेंटिलेटरची सोय असलेल्या ठिकाणी हलवायची वेळ तेव्हाच आलेली असते. श्वास उथळ आणि भराभर होऊ लागल्यावर रेफर केलं, तर सत्तर किलोमीटर फार लांब पडतात. गोदाकाठच्या गावांतून पावसाळ्यात येणाऱ्या मण्यारीच्या पेशंटचंही तसंच: दंशाच्या जागी ना सूज ना दुखणं, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होतात. ‘झोपू द्या त्याला, रात्रभर जागलाय’ असं नातेवाईक म्हणतात. झोपू देण्याआधी त्याला वर बघायला सांगा; पापण्या वर जात नसतील तर ती झोप नव्हे.

निदान करणं डॉक्टरांचं काम आहे, नर्सने आदेश पाळावेत, हा यावरचा पहिला आक्षेप. तो अर्धा बरोबर आहे. औषध ठरवणं आणि निदानावर सही करणं नर्सचं काम नाही. पण डॉक्टरांचा आदेश ज्या माहितीवर उभा राहतो ती माहिती नर्सकडून येते, आणि कोणती माहिती महत्त्वाची, कोणती आत्ता सांगायची, कोणती सकाळच्या राउंडला, हे ठरवणं हाही निर्णयच असतो. तो टाळता येत नाही. फार तर न कळता घेतला जातो. दुसरा आक्षेप मॉनिटरचा. बोटाला ऑक्सिमीटर लावलाय आणि ९७ दिसतंय, मग श्वास कशाला मोजायचा? कारण तोंडावर मास्क असलेला पेशंट मिनिटाला ३२ श्वास घेऊन ते ९७ टिकवत असतो. तो दमला की आकडा घसरतो, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. गार पडलेल्या बोटांवर तर ते यंत्र नीट वाचतही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला उत्तर देताना मला जपून बोलावं लागतं. एका सिस्टरकडे रात्री तीस पेशंट असतील तर प्रत्येकाचा पूर्ण मिनिट मोजायला वेळ कुठून आणायचा? युरोपातल्या नऊ देशांच्या २०१४ च्या अभ्यासात लिंडा एकन यांना आढळलं की दर नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा दाखल झाल्यापासून महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे रिकामी पदं भरणं ही पेशंट वाचवण्याचीच गोष्ट आहे, आणि ते काम सरकारचं आहे. पण पदं भरेपर्यंत रात्री येतच राहतात. तेव्हा सगळ्यांना सारखा वेळ देण्यापेक्षा ओव्हर घेतानाच चार-पाच पेशंट निवडा: आज ऑपरेशन किंवा डिलिव्हरी झालेले, ऑक्सिजनवर असलेले, गेल्या सहा तासांत ज्यांची औषधं वाढवली ते, विषबाधेचे, आणि ज्यांच्याबद्दल आधीच्या सिस्टरने ‘जरा बघा’ म्हटलं ते. यांचा श्वास खरा मोजा, तासा-दोन तासांनी. उरलेल्यांचा एकदा नीट मोजा, आणि जिथे मोजला नाही तिथे २० लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवा. कोरा रकाना बघून पुढच्याला मोजावंसं तरी वाटेल.

अनुभवी सिस्टर म्हणतील, आकड्यांची काय गरज, तोंडाकडे बघून कळतं. कळतंच. ख्रिस्तीन टॅनर यांनी २००६ मध्ये जवळजवळ दोनशे अभ्यास धुंडाळून लिहिलं की नर्सच्या निर्णयात हातातल्या आकड्यांपेक्षाही तिने आधी काय पाहिलंय आणि ती या पेशंटला किती ओळखते, याचा वाटा मोठा असतो. ही नजर खोटी नाही. तिला फक्त फोनवरून पाठवता येत नाही. ‘सर, तीन नंबरला जरा कसंतरी होतंय’ हे रात्री अडीचला ऐकून कुणी उठत नाही. त्याऐवजी असं सांगून बघा: ‘सर, तीन नंबर, काल रात्री नॉर्मल डिलिव्हरी. दोन तासांपूर्वी नाडी ८८ होती, आता ११८. बीपी ११६/७४ होता, आता १०८/८६. श्वास २६. दोन पॅड पूर्ण भिजलेत. मला रक्तस्रावाची शंका येतेय, तुम्ही आत्ता येऊन बघावं.’ कोण, काय झालं, आकडे आधी काय होते आणि आता काय आहेत, माझी शंका, माझी मागणी. शेवटचे दोन तुकडे बोलायला जीभ अडते, हे मला माहीत आहे. ते ठरवून बोलायची सवय करावी लागते. ऑस्ट्रेलियात २३ रुग्णालयांत झालेल्या मेरिट चाचणीत तातडीच्या पथकाची सोय करूनही मृत्यू फारसे घटले नाहीत, आणि त्याचं एक कारण असं दिसलं की बोलावण्याइतपत खुणा असूनही पुष्कळदा पथकाला कुणी बोलावलंच नाही. फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर चार्टवर लिहा. उत्तर समाधानकारक नसेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून पुन्हा फोन करा, आणि मग अधीक्षकांना. ओरडा बसेल कदाचित. तरीही करा.

धर्माबादला आणखी एक बाब आहे. इथे निम्मा बाजार तेलुगूत बोलतो आणि आजारी माणूस नेहमी आपल्या आईच्या भाषेत कण्हतो. ‘नोप्पी’ म्हणजे दुखणं हे इथल्या बहुतेक सिस्टरना माहीत असतं. ‘आयासम’ म्हणजे धाप, हेही पाठ हवं. मिरचीच्या हंगामात खोकला घरोघरी असतो, म्हणून खोकला सांगणाऱ्याला कुणी फारसं विचारत नाही. त्यालाच चार पावलं चालायला लावून, दोन वाक्यं बोलायला लावून मग श्वास मोजा.

आणि पेशंट नांदेडला निघाला की त्याच्यासोबत जाणाऱ्या कागदावर नुसतं ‘पुढील उपचारासाठी रेफर’ एवढंच जाऊ देऊ नका. गेल्या सहा तासांतले श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध आणि लघवी घड्याळाच्या वेळेसह एकाखाली एक लिहा. ॲट्रोपिन किंवा सर्पविषरोधक इंजेक्शन दिलं असेल तर किती आणि किती वाजता. मान उचलता येत होती का. फोनवर कुणाशी बोलणं झालं. गाडीत बसलेल्या डॉक्टरांना हे तोंडीही सांगा, आणि गाडीचं दार लागण्याआधी शेवटचं एकदा श्वास मोजून ती वेळ आणि तो आकडा त्या कागदाच्या तळाशी लिहा. विष्णुपुरीत कॅज्युअल्टीतली सिस्टर पहिला आकडा घेईल, तेव्हा तिला त्याच्या शेजारी ठेवायला तो लागेल.